तोफा, धुकं आणि मिलेन फार्मेर

१९८८ साली फ्रान्समध्ये एका पॉप गाण्याची चित्रफीत आली. लांबी जवळपास १८ मिनिटं. सुरुवातीला जंगल, इंग्रज शिपायांची छावणी, ढोल वाजवणारा एक पोरसवदा मुलगा आणि मेल्यासारखी पडलेली लाल केसांची तरुणी. गाणं सुरू व्हायला इतका वेळ लागतो, की पहिल्यांदा बघणाऱ्याला चुकीची कॅसेट लावली की काय असं वाटावं. गाणं 'पुर्वू केल स्वा दूस', गायिका मिलेन फार्मेर, दिग्दर्शक लोराँ बुतोना. काळ सप्तवार्षिक युद्धाचा. शाळेत प्लासीच्या धड्याच्या आसपास आपल्याला ओझरतं भेटतं तेच हे युद्ध. संगीत नाटकात प्रसंग पुरता तापल्याशिवाय नट पदाला हात घालत नाही, तसाच इथला कारभार. आधी कथा पेटवायची, मग सूर लावायचा.

मी पुण्यात फ्रेंच शिकत असताना केबलवर टीव्ही५ दिसायचं. कानाला सवय व्हावी म्हणून बातम्या ऐकाव्यात, असा शिक्षिकेचा सल्ला होता. बातम्या राहिल्या बाजूला आणि ही बाई कायमची मुक्कामाला आली.

चरित्राचं कर्तव्य उरकून घेते. मूळ नाव मिलेन गोतिए. जन्म १२ सप्टेंबर १९६१, कॅनडातल्या माँट्रिअलजवळ. वडील इंजिनियर, धरणांच्या कामासाठी तिकडे गेलेले. ती लहान असतानाच कुटुंब फ्रान्सला परतलं. घोडेस्वारीचं वेड, अभिनयाचे वर्ग, थोडंफार मॉडेलिंग. १९८४ मध्ये 'मामाँ आ तोर' हे पहिलं गाणं आलं, ते बुतोना आणि जेरोम दाहाँ यांनी रचलेलं. 'फार्मेर' हे आडनाव तिने घेतलं फ्रान्सिस फार्मर या हॉलिवुडच्या अभिनेत्रीवरून. वेड्यांच्या इस्पितळात वर्षं काढलेली ती नटी. पॉपच्या झगमगाटात शिरताना नाव कुणाचं घ्यावं, तर हिचं! पुढचं सगळं या एका निवडीत दिसतं. असो.

बुतोना तिच्याच वयाचा. त्याला सिनेमाच करायचा होता आणि सिनेमाला पैसे नव्हते. गाण्यांच्या चित्रफिती ही त्याची चोरवाट. 'लिबेर्तीन' (१९८६) ही त्या वाटेवरची पहिली मोठी मजल. या गाण्याची चाल ज्याँ-क्लोद देकेआँ यांची, आणि आधी त्या चालीवर 'लामूर तुत्ती फ्रुत्ती' अशा नावाचं भलतंच गाणं होतं. त्यातून निघाली अठराव्या शतकातली एक बेबंद बाई: पहाटेचं पिस्तुलांचं द्वंद्व, मेणबत्त्यांच्या उजेडातला जुगार, पाठीमागे घोडे. स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'बॅरी लिंडन'चं ऋण उघड दिसतं आणि ते लपवण्याची कुणी तसदीही घेत नाही. शेवटी नायिकेला आणि तिच्या प्रियकराला गोळ्या घातल्या जातात. सूड घेणाऱ्या प्रतिस्पर्धी स्त्रीची भूमिका सोफी तेलिए या नर्तिकेने केली आहे, आणि माझ्या मते ती मिलेनपेक्षा काकणभर सरस नटी आहे. मिलेनच्या चाहत्यांसमोर हे बोलू नये.

दोन वर्षांनी आलेलं 'पुर्वू...' हे याच कथेचं पुढचं पान. मेलेली नायिका मेलेली नसते, इंग्रजांच्या हाती लागते. तेलिएबाई वेश्यांचा तांडा घेऊन छावणीत दाखल होतात. मग बायकांची मारामारी, मग फ्रेंचांचा हल्ला. चार मिनिटांच्या गाण्यासाठी एवढी पलटण उभी करणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा हट्टी. हे गाणं फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं, त्यामुळे बुतोनाचा हट्ट खपून गेला.

या दोन गाण्यांच्या मधलं 'त्रिस्ताना' (१९८७) म्हणजे बर्फातली रशियन हिमगौरी. त्याच वर्षीच्या 'साँ काँत्रफासाँ'मध्ये कळसूत्री बाहुलीत जीव येतो. मुलगी असून मुलगा असल्याची ऐट मिरवणाऱ्या या गाण्यात शेव्हालिए देओँचा उल्लेख येतो, आणि इथे जरा आडवाटेला गेल्याशिवाय मला राहवत नाही. देओँ हा पंधराव्या लुईचा गुप्तहेर. सप्तवार्षिक युद्धात घोडदळाचा कप्तान म्हणून लढला आणि १७७७ पासून राजाज्ञेनेच बाईच्या वेशात वावरला. लंडनमध्ये परकर नेसून तलवारबाजीचे खेळ केले. १८१० मध्ये तिथेच मरण आलं, तेव्हा देह पुरुषाचा निघाला. मिलेनच्या सगळ्या नायिका मला या शेव्हालिएच्या पुतण्या-भाच्या वाटतात. अंगावर गणवेश की झगा, हे ठरवायचा हक्क त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

'पुर्वू...'चं चित्रण पॅरिसजवळच्या रांबुइयेच्या जंगलात झालं, म्हणून मी एकदा मोंपार्नासहून गाडी पकडून तिथे गेले. राजवाड्याच्या आवारात माहिती देणाऱ्या बाईंना मोठ्या आशेने विचारलं. त्यांनी मला सोळाव्या लुईने स्पेनहून आणवलेल्या मेरिनो मेंढ्यांची हकिकत सांगितली. शिवाय १९७५ मध्ये सहा बड्या देशांचे प्रमुख इथेच जमले होते, हेही. छावणी कुठे होती? त्यांनी खांदे उडवले. मेंढ्या मात्र खरोखर देखण्या आहेत; अडीचशे वर्षं होत आली, तो कळप अजून नांदतो आहे.

१९९१ चं 'देझाँशांते' हे तिचं सर्वांत गाजलेलं गाणं. फ्रान्समध्ये नुकतीच शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली होती, आखातात युद्ध पेटलं होतं, आणि ही बाई ठेका धरायला लावणाऱ्या चालीवर भ्रमनिरासाचं गाणं घेऊन आली. चित्रफीत हंगेरीत, ऐन हिवाळ्यात घेतलेली. एका कारखानावजा तुरुंगात राबणारी मुलं बंड करतात, दारं फोडून बाहेर पडतात. बाहेर काय, तर क्षितिजापर्यंत पांढरं माळरान. ती थबकतात आणि तशीच चालू लागतात. क्रांतीचं गाणं इतक्या रिकाम्या जागी नेऊन सोडायला धाडस लागतं.

यानंतर बुतोनाला अखेर सिनेमा मिळाला. 'जॉर्जिनो' (१९९४): पहिल्या महायुद्धाची अखेर, हरवलेल्या मुलांना शोधणारा तरुण डॉक्टर, लांडगे, दलदल आणि मिलेन. जवळपास ३ तास. तो सपाटून आपटला. मिलेन लॉस एंजेलिसला गेली, तिथून गिटारी खडखडवणारा 'आनामोर्फोझे' (१९९५) घेऊन परतली. त्यातल्या 'एक्स एक्स एल'मध्ये ती धावत्या रेल्वे इंजिनाच्या तोंडावर बांधलेली दिसते. 'कॅलिफोर्निया'ची चित्रफीत आबेल फेरारा यांची. दोन्ही चांगल्या आहेत, पण बुतोनाच्या धुक्याची सर नाही. तो २००१ च्या 'ले मो'साठी दिग्दर्शक म्हणून परतला, तेव्हा त्याने मिलेन आणि गायक सील यांना तराफ्यावर बसवून वादळात लोटलं. लूव्हरमध्ये जेरिकोचं 'मेदूझाचा तराफा' हे चित्र पाहिलेल्याला हसूच येईल. मधल्या काळात मिलेन आणि बुतोना या जोडीने आलिझे नावाच्या मुलीसाठी 'म्वा... लोलिता' लिहिलं, तेही जगभर वाजलं.

रंगमंचाबद्दल लिहायला जागा कमी उरली, हा माझा दोष. १९८९ च्या पहिल्या दौऱ्यात तिने मंचावर चक्क दफनभूमी उभारली. वेश तिएरी म्युग्लेर यांचे, आणि सुरुवात बोदलेरच्या 'लोर्लोज' या कवितेने. १९९९ मध्ये चित्रकार एच. आर. गीगरच्या शैलीतली महाकाय स्त्रीमूर्ती होती. तिचं डोकं उघडून मिलेन बाहेर यायची. २००६ चा मंच इतका अवजड, की दौरा काढणंच अशक्य झालं. मग पॅरिसच्या बेर्सी सभागृहातच १३ प्रयोग. ती काचेच्या पेटीतून प्रेक्षकांच्या डोक्यावरून तरंगत यायची आणि शेवटी जिना चढून पाण्याच्या पडद्यामागे नाहीशी व्हायची. २००९ मध्ये स्टाद द फ्रान्स या स्टेडियमवर फॅशनकार ज्याँ पोल गोतिए यांनी तिच्या अंगावर कातडी सोललेल्या माणसाचे स्नायू रेखले.

मुलाखती ती जवळजवळ देत नाही. दिल्याच तर दबक्या आवाजात, अर्धी वाक्यं हवेत सोडून. कित्येक टीकाकार याला विक्रीची युक्ती म्हणतात. मला ते पटत नाही. युक्ती चार दशकं टिकवायची तर माणूस कधीतरी कंटाळून बोलून जातो. लाजाळू माणसाला लपायला जागा लागते, आणि हिने स्वतःसाठी ती स्टेडियमएवढी बांधून घेतली, एवढंच.

एडगर अॅलन पोच्या कावळ्याचा शब्द नावात घेतलेला 'नेव्हरमोर' हा तिचा अलीकडचा दौरा. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दंगली उसळल्या आणि स्टाद द फ्रान्सचे प्रयोग रद्द झाले. ते २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाले, आणि मला तिकीट मिळालं. माझ्या रांगेत साठीच्या दोन बहिणी, त्यांच्यापुढे जेमतेम विशीतला एक मुलगा, डोळ्यांत काजळ. 'देझाँशांते'ला सगळं स्टेडियम तिच्याऐवजी गात होतं आणि ती मान खाली घालून ऐकत होती. परतीच्या गाडीत तो मुलगा शेजारीच उभा होता. 'जॉर्जिनो' हीच मिलेन आणि बुतोनाची सर्वोत्तम कृती, असं त्याचं ठाम मत. मी म्हटलं, त्यातला एक तास कापला पाहिजे. तो भडकला. कुठला तास ते सांगा, म्हणाला. मी दलदलीचे प्रसंग मोजायला घेतले, त्याने एकेका प्रसंगाची बाजू मांडली, आणि गार द्यु नोर आलं तेव्हा आम्ही दुसऱ्या लांडग्यापर्यंतच पोचलो होतो.