गंधकाची वाफ आणि अर्धवाहकांचे पापुद्रे

यवतमाळ जिल्ह्यात कृषी सेवा केंद्रांतून विकली जाणारी ३०० मेश गंधकाची भुकटी पानावर नुसती पडून राहून भुरी रोखत नाही. ऊन चढले की तिच्यातून गंधकाची अत्यल्प वाफ निघते आणि बुरशीवरचा परिणाम बराचसा त्या वाफेचा असतो, म्हणूनच थंडीत ही भुकटी फारशी लागू पडत नाही आणि कडक उन्हात तीच पाने करपवते. गंधकाचा हा उडून जाण्याचा स्वभाव अर्धवाहकांच्या प्रयोगशाळेत सोयीचाही ठरतो आणि डोकेदुखीही.

धातू व गंधक यांच्या संयुगांना सल्फाइडे म्हणतात, आणि त्यांपैकी अनेक सल्फाइडे अर्धवाहक असतात, म्हणजे ठरावीक ऊर्जेचा प्रकाश शोषून त्यांच्यातील इलेक्ट्रॉन वहनासाठी मोकळे होतात. त्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेला पट्ट-अंतर म्हणतात. कॅडमियम सल्फाइडचे ते सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर टिन सल्फाइडचे सुमारे १.३. अशा पदार्थांचा मायक्रोमीटरभर किंवा त्याहूनही पातळ थर सौरघटाला किंवा प्रकाशसंवेदकाला पुरतो. घटकद्रव्ये वायुरूपात आणून, तापलेल्या पृष्ठभागावर त्यांची अभिक्रिया घडवून असा थर बसवण्याच्या रीतीला रासायनिक बाष्प निक्षेपण हे नाव आहे.

यातली अडचण आकड्यांत दिसते. गंधक ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ४४५ अंशांना उकळते. मॉलिब्डेनम मात्र २,६०० अंश ओलांडल्याशिवाय वितळतसुद्धा नाही. म्हणून मॉलिब्डेनम सल्फाइडचा थर करताना धातूऐवजी त्याच्या ऑक्साइडची भुकटी घेतात. क्वार्ट्‌झच्या नळीत मध्यभागी, साधारण ६५० ते ८०० अंशांच्या टप्प्यात, ऑक्साइडची बोट (लांबट भांड्याला प्रयोगशाळेत बोटच म्हणतात) आणि सिलिकॉनची चकती ठेवतात, गंधकाची बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दोनशे अंशांच्या आसपास, आणि आरगॉन वायूचा मंद प्रवाह वाफ पुढे नेतो. सारे जुळले तर चकतीवर सूक्ष्म त्रिकोणी स्फटिक उमटतात, ज्यांची जाडी नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. गंधक लवकर संपले तर ऑक्साइड अर्धवटच बदलते, आणि भट्टी निवताना गंधकाची वाफ चालू ठेवली नाही तर तयार थरातलेही गंधक निसटते.

या निसटण्याची किंमत पायराइटने मोजली आहे. कोळशात, यवतमाळच्याच वणी परिसरात निघणाऱ्या कोळशातही, गंधकाचा जो अंश असतो त्याचे एक नेहमीचे रूप म्हणजे पायराइट, अर्थात लोहाचे सल्फाइड. स्वस्त, मुबलक आणि प्रकाश इतका जोरदार शोषणारे, की मायक्रोमीटरच्या दशांशाएवढा थर पुरावा. बर्लिनच्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून त्याचे सौरघट करून पाहिले, बाष्प निक्षेपणानेही थर बसवले. मात्र सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पट्ट-अंतराला साजेसा विद्युतदाब मिळेना, तो ०.२ व्होल्टच्या आसपासच अडला. गंधकाच्या रिकाम्या जागा आणि पृष्ठभागाचे दोष ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे.

वेगळी वाट फिनलंडच्या तुओमो सुंतोला यांनी १९७४च्या सुमारास काढली. जस्त आणि गंधक यांच्या वाफा एकत्र न सोडता आळीपाळीने सोडायच्या, म्हणजे प्रत्येक फेरीत पृष्ठभागाला धरेल तेवढाच थर बसतो आणि जास्तीची वाफ निघून जाते. त्यातून झालेले जस्त सल्फाइडचे प्रकाशफलक १९८३ मध्ये हेलसिंकीच्या विमानतळावर लागले, आणि आज ही रीत चिप बनवण्याच्या धंद्यात रुळली आहे. गंधकासाठी हल्ली बहुधा हायड्रोजन सल्फाइड वापरतात. हा विषारी वायू हवेत शंभर दशलक्षांशाच्या पुढे गेला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्याला थारा देणे धोक्याचेच.

हा वायू टाळण्यासाठी धातू आणि गंधक आधीच एका रेणूत बांधलेली संयुगे वापरतात. मँचेस्टरच्या पॉल ओब्रायन यांचे काम यात मोठे. जस्ताचे डायइथाइल डायथायोकार्बामेट हे त्यांपैकी एक, आणि बुरशीनाशक झायरम हे त्याचे सख्खे भावंड. मॅन्कोझेबही त्याच कुळातले. तापवले की अशा रेणूतला सेंद्रिय भाग तुटून निघतो आणि जस्त सल्फाइड मागे राहते.

महाराष्ट्रात मात्र या क्षेत्राचा जोर वाफेपेक्षा द्रावणावर राहिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूचे क्षार व थायोयुरिया यांच्या, शंभर अंशांखालच्या द्रावणात काच बुडवून सल्फाइडांचे थर वाढवण्याच्या पद्धतींवर काम केले, आर. एस. माने यांच्यासह २००० साली आणि एच. एम. पठाण यांच्यासह २००४ साली त्यांनी लिहिलेले आढावे या विषयात वारंवार उद्धृत होतात. पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये फवारा-तापविघटनाचा, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारण्याच्या रीतीचा, आढावा घेतला. निर्वात पंप आणि शुद्ध वायूंच्या नळ्या परवडत नसलेल्या विभागांना या रीतींनी संशोधनाचे दार उघडले, ही गोष्ट मोठी. द्रावणातला बराच धातू काचेऐवजी भांड्याच्या तळाशी गाळ होऊन वाया जातो आणि कॅडमियम असेल तर त्या सांडपाण्याची विल्हेवाट लावावी लागते, हेही तितकेच खरे. फवारलेल्या थेंबांतले द्रावक काचेला टेकण्याआधीच उडून जाईल इतके ते सूक्ष्म केले, की द्रावणाची ही वाट बाष्प निक्षेपणाला जाऊन मिळते, आणि मग डायथायोकार्बामेट द्रावकात विरघळवून, निर्वात पंपाविना, वातावरणाच्या दाबावरच थर बसवता येतो.