गाठी किती जणींना असतात?

१९६१ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातली, कापसाच्या मळ्यावर राबणारी एक कृष्णवर्णीय बाई गर्भाशयातली गाठ काढून घ्यायला रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी तिला न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकले. हे तिला कळले ते नंतर, मळ्यावरच्या कुजबुजीतून. या बाई म्हणजे फॅनी लू हेमर. पुढच्याच वर्षी त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतल्या एक प्रमुख नेत्या झाल्या. आपल्यावर झालेल्या या शस्त्रक्रियेबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या. असे प्रकार तिथे इतके होत, की त्यांना ‘मिसिसिपी अपेंडिक्सचे ऑपरेशन’ असे उपरोधिक नावच पडले होते.

ही गाठ म्हणजे काय? गर्भाशयाची भिंत मुख्यतः अनैच्छिक स्नायूंची असते. त्यातल्या एखाद्या पेशीत बदल होतो, ती विभागत राहते, आणि भोवती तंतुमय पदार्थ साठून एक घट्ट गोळा तयार होतो. हाच फायब्रॉईड. तो वाटाण्याएवढा असेल नाही तर नारळाएवढाही. हा कर्करोग नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ही गाठ पोसते, म्हणून पाळी कायमची थांबल्यावर ती बहुधा आक्रसते. त्रास किती होणार हे आकारापेक्षा जागेवर जास्त ठरते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला लागून असलेली लहानशी गाठही भरपूर रक्तस्राव घडवते. बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी कधी कळतही नाही.

भरपूर म्हणजे किती? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या पुढे गेले की त्याला अतिस्राव म्हणतात. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे ८० मिलिलिटरबरोबर ४० मिलिग्रॅम लोह गेले. आपले आतडे रोजच्या जेवणातून एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषते, आणि त्यातले जवळजवळ एक मिलिग्रॅम झडणाऱ्या पेशींबरोबर असेच निघून जाते. आता महिन्याचा हिशेब मांडून पाहा. (नववीच्या वर्गात हे गणित सहज होईल.) शरीराची गरज वाढली की शोषणही थोडे वाढते, पण त्याला मर्यादा आहे. रक्तक्षय होतो तो असा. पण घरात कोणी मोजमाप घेऊन बसत नाही. आईचेही असेच जायचे, मावशीचेही असेच, तेव्हा हे असेच असणार, अशी समजूत होते.

मग गाठी नेमक्या किती जणींना असतात? रुग्णालयातल्या नोंदींवरून हे सांगता येत नाही, कारण तिथे तक्रार घेऊन आलेल्याच मोजल्या जातात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळी वाट धरली होती. वॉशिंग्टन शहरातल्या एका आरोग्य योजनेच्या सभासदांमधून ३५ ते ४९ वयाच्या स्त्रिया यदृच्छेने निवडल्या आणि, तक्रार असो वा नसो, त्यांची सोनोग्राफी केली. पाळी चालू असलेल्या ज्या स्त्रियांना गाठ असल्याचे कोणी कधी सांगितले नव्हते, त्यांच्यातही ५१ टक्के जणींना गाठी निघाल्या! पन्नाशीपर्यंत कृष्णवर्णीय स्त्रियांत ८० टक्क्यांहून अधिक, तर गोऱ्या स्त्रियांत सुमारे ७० टक्के, असा अंदाज निघाला. हा फरक फार मोठा वाटत नाही. पण पस्तिशीपर्यंतचे आकडे पाहा: ६० आणि ४०. म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांना गाठी लवकर होतात, मूल हवे असण्याच्या वयात. गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला त्या वयात फार महागात पडतो.

असे का, याचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. गडद त्वचेतले मेलॅनिन अतिनील किरण अडवते, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व कमी तयार होते, यावर एक संशय आहे. डेट्रॉइटमध्ये २०१० पासून सुमारे १७०० तरुण कृष्णवर्णीय स्त्रियांची ठरावीक काळाने सोनोग्राफी करून ही आणि इतर कारणे तपासली गेली. केस सरळ करणाऱ्या रसायनांशी गाठींचा संबंध २०१२ च्या एका पाहणीत दिसला. मात्र दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण, असे होत नाही. गोऱ्यांशी तुलना न करता फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांचाच अभ्यास करायचा, ही डेट्रॉइटची मांडणी मला विशेष आवडते. त्यात कोणाला ‘नेहमीचे’ मानून दुसऱ्याला त्यापासून ढळलेले ठरवावे लागत नाही.

हे प्रश्न आपोआप प्रयोगशाळेत पोचले नाहीत. १९८३ साली बिली एव्हरी यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली. घरात जे बोलले जात नसे ते बायका तिथे एकमेकींना सांगू लागल्या. ओहायोच्या लोकप्रतिनिधी स्टेफनी टब्स जोन्स यांनी फायब्रॉईडच्या संशोधनासाठी पैसा मागणारे विधेयक संसदेत पुनःपुन्हा मांडले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्याच नावाने ते २०२० आणि २०२१ मध्ये मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. टनिका ग्रे व्हॅलब्रन यांनी स्वतःच्या त्रासातून एक संस्था काढली आणि तिला ‘पांढरा पोशाख प्रकल्प’ असे नाव दिले. पांढरेच का, हे गाठींचा त्रास काढलेल्या बाईला सांगावे लागत नाही. डॉक्टरांना काय विचारायचे, हेही आता अशा संस्था शिकवतात: गाठ नेमकी कुठे आहे? फक्त गाठ काढता येईल का? तिचा रक्तपुरवठा बंद करून ती आक्रसवता येईल का? हेमर यांना यातला एकही प्रश्न विचारायची संधी मिळाली नव्हती.