आईच्या हातात गळ

माझी आई मालवणची. जन्मभर मासळी निवडली, साफ केली, रांधली. पण गळ टाकणं म्हणजे बाप्यांचं काम! मागे आमच्याकडे मेलबर्नला आली, तेव्हा तिला मॉर्निंग्टनच्या धक्क्यावर नेलं. फळ्यांवर शाईचे काळे डाग दिसताच म्हणाली, "अगो, हय पण म्हाकुला?"

इथं मासे धरायला परवाना लागतो. सत्तरी गाठलेल्यांना मात्र माफ. आई ७१ वर्षांची. मी रॉड तिच्याच हाती दिला. तासाभरानं व्हायटिंग लागला. "ही तर आपली मुडदुशी!" खरंच, दोन्ही एकाच कुळातल्या.

पट्टीवर भरली २५ सेंटिमीटर. इथं २७च्या आतली ठेवता येत नाही. माझा चेहरा पडला. आईनं मात्र तिला अलगद पाण्यात सोडलं.

"वाढूदेत तिका. माका सत्तर वर्षां लागली!"