घडीव दगड (भाग ७) : तुळईचं देऊळ, कमानीचा टेकू

महाशिवरात्रीला सिंदेवाही-मूलकडून निघालेल्या गाड्या मार्कंड्याला पोचतात. वैनगंगा तिथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून आधी उत्तरवाहिनीत आंघोळ, मग रांग, दर्शन, जत्रा आणि परतीची घाई. एवढ्या गर्दीत मान वर करून छत पाहायला सवड कोणाला? मागच्या भागात आपण जोत्यापर्यंत आलो होतो. आज छत आणि शिखर.

त्याआधी ‘हेमाडपंती’चा घोळ मिटवू. चुना न वापरलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण ते हेमाडपंतांच्या नावावर टाकून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या यादवांचे मंत्री. त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याचं मुख्य देऊळ घडणीवरून त्याच्या कितीतरी आधीचं ठरतं. त्याचं नातं देवगिरीपेक्षा मध्य भारतातल्या खजुराहोच्या परंपरेशी अधिक जवळचं आहे.

अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथे आले. त्यांच्या काळच्या मोजमापाप्रमाणे देवळांचं आवार सुमारे १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद. मार्कंडेश्वराचं मोठं देऊळ, मार्कंडेयाच्या वडिलांचं म्हणजे मृकंडू ऋषींचं देऊळ, शिवाय लहानमोठी इतर बरीच. यमधर्माचंही एक आहे. ज्या पोराला, म्हणजे मार्कंडेयाला, न्यायला यम आला आणि हात हलवत परत गेला, त्याच्याच अंगणात यमालाही जागा दिली आहे. हा मोठेपणा मला फार आवडतो.

मोठं देऊळ पूर्वाभिमुख. मंडपातून अंतराळात आणि तिथून गाभाऱ्यात जाताना पावलागणिक उजेड कमी होत जातो. बाहेरून मात्र भिंत सरळ नाहीच. ती टप्प्याटप्प्याने पुढे आलेली आहे, प्रत्येक टप्प्याला कोपरे आहेत आणि त्या कोपऱ्यांवर थरावर थर मूर्ती. ऊन फिरेल तशी सावली फिरते. सकाळी आठला दिसलेली मूर्ती दुपारी बाराला वेगळीच वाटते.

आता खरा मुद्दा. या देवळात मुळात कमान नव्हती. सगळा कारभार खांब आणि तुळई यांचा. आपल्याकडच्या जुन्या घरात खांबांवर मयाल टेकते, तसंच. फरक एवढाच की लाकूड वाकतं आणि दगड वाकत नाही, एकदम तडकतो. म्हणून दगडी तुळई आखूड ठेवावी लागते, आणि म्हणूनच मंडपात खांबांची दाटी होते. छत झाकायचीही एक युक्ती आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, मधली मोकळी जागा लहान होते; तिच्या कोपऱ्यांवर पुन्हा तशाच शिळा. शेवटी उरलेल्या भोकावर एक कोरीव झाकण. या रचनेत सगळं वजन सरळ खाली उतरतं, बाजूला रेटा नाही.

इंग्लंडातल्या खेड्यांमधली मध्ययुगीन चर्चं याच्या अगदी उलट चालीची. तिथे दारं, खिडक्या, आतल्या खांबांच्या रांगा, सगळीकडे कमानी. कमान दोन्ही बाजूंना रेटा देते; तो अडवायला बाहेरून दगडी धिरे उभे करावे लागतात. एक गंमत सांगतो: लोक बसायचे त्या दालनाची डागडुजी गावाकडे आणि वेदीकडच्या भागाची धर्मगुरूकडे, अशी तिथे वाटणी असे. त्यामुळे एकाच चर्चच्या दोन छपरांचं रूप कधीकधी वेगळं दिसतं!

वीज मात्र दोघांनाही सोडत नाही. लंडनच्या जुन्या सेंट पॉल चर्चचा मनोरा लाकडी, वरून शिशाने मढवलेला. १५६१ मध्ये वीज पडली आणि तो जळून गेला. मार्कंड्याचं शिखर दगडी, ते जळालं नाही, कोसळलं. वरचा भाग थेट मंडपाच्या छतावर आला. दगडी तुळईला असा वरून बसलेला दणका सोसत नाही. छत फुटलं.

पुढे चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळात दुरुस्ती झाली. तुटक्या तुळयांखाली जाडजूड खांब आणि कमानींचे टेकू दिले गेले. हे काम ओबडधोबड आहे अशी नाकं मुरडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. चांद्याच्या कोटाचे जटपुरा, पठाणपुरा असे दरवाजे बांधणाऱ्यांच्या हाताला कमान सरावाची होती, आणि पडू घातलेलं छत धरायला त्यांनी हाताशी असलेली विद्या वापरली. नक्षी राहिली बाजूला, देऊळ मात्र उभं राहिलं.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गेल्या दशकात मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा रचायचं काम हाती घेतलं. ते दीर्घकाळ रखडलं आणि भाविकांची नाराजी ओढवली. अशा कामात प्रत्येक शिळेला क्रमांक द्यावा लागतो, कारण चुना नसलेल्या बांधणीत एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा यंदा यात्रेला जाल तर आवारात पडलेल्या शिळांवर बसू नका, त्यांवर कुंकू लावू नका आणि पोरांनाही चढू देऊ नका. क्रमांक पुसला तर ती शिळा जागेवर बसवणं अवघड होतं.

पुढच्या आठवड्यात भद्रावतीची विजासन लेणी.