हवेचे दप्तर

हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने 1958 साली कार्बन डायऑक्साइड वायूचे जे मोजमाप आरंभिले, त्याच्या दप्तरात, हवेच्या दर दहा लक्ष भागांत तेव्हा सुमारे 315 असलेले या वायूचे प्रमाण आता 420 च्याही पुढे गेल्याची नोंद आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून आपण सोडलेला हा वायू पृथ्वीवरून परतणारी उष्णता अडवून धरतो, आणि त्यामुळेच हिमनद्या वितळतात, सागराची पातळी चढते व पर्जन्याचा जुना क्रम ढळतो. हा वायू शतकानुशतके टिकून राहत असल्यामुळे आपल्या उधळपट्टीची वसुली पुढील पिढ्यांकडून होणार, हे उघड आहे. म्हणून ज्यांनी अधिक जाळले त्यांनी अधिक भार उचलावा. परंतु आपल्या वाट्याचे कर्तव्य कोणीही उद्यावर ढकलू नये.