वजन नाही, माप बघा! खाणीचं मोठं मशीन रेल्वेनं पाठवायचं गणित



नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना संत्री आठवतात. हिंगणा किंवा बुटीबोरीत ज्याचं वर्कशॉप आहे, त्याला मात्र आधी कोळसा आठवतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या शहरात आहे आणि मॅंगनीज काढणाऱ्या मॉइलचंही. उमरेड, वणी, चंद्रपूर, वर छिंदवाडा आणि बैतूल. या सगळ्या पट्ट्यातल्या खाणींना डंपरची बॉडी, शॉव्हेलची बकेट, कन्व्हेयरचे सांगाडे असं काही ना काही लागतंच.

आता कोटेशन कसं बनतं ते बघा. स्टीलचं वजन, मजुरी, वेल्डिंग, रंग हे सगळं पै-पैशापर्यंत काढलेलं असतं. आणि शेवटी एक ओळ असते : "वाहतूक, अंदाजे." नफा नेमका त्याच ओळीत बुडतो. कारण आपण वजन बघून गाडी ठरवतो, पण मोठ्या नगाचा खर्च ठरतो मापावर.

६५ सेंटिमीटरचा खेळ

रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. नग त्याच्या बाहेर गेला की खास परवानगी आणि खास ट्रेलर आला. आपल्या ब्रॉडगेज रेल्वेवर हीच मर्यादा ३.२५ मीटर आहे. म्हणजे २.६ ते ३.२५ मीटरच्या मधला नग रस्त्यासाठी 'ओव्हरसाइज' असतो, पण रेल्वेसाठी तो रुंदीनं साधा माल असू शकतो. हा ६५ सेंटिमीटरचा फरक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कधी मोजलेलाच नसतो.

पण थांबा, उंचीही बघायची आहे. रुळापासून मधोमध ४२६५ मिलिमीटर चालतात, पण कडेला फक्त ३७३५. सपाट वॅगनचा तळच रुळापासून साधारण सव्वा मीटर वर असतो. तो वजा केला तर मधोमध जेमतेम तीन मीटर उरतात आणि कडेला अडीच. म्हणून चौकोनी नग बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात अडकतो. उंच नगासाठी मधला भाग खाली केलेली वेल वॅगन असते.

तिसरी गोष्ट लांबी. वळणावर लांब नगाचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि टोकं बाहेर जातात. सरळ रुळावर बसणारा नग वळणावरच्या खांबाला घासू शकतो. व्हिडिओत मी हे फळ्यावर काढून दाखवलंय.

माप ओलांडलं तर?

मग तुमचा माल 'ओडीसी' होतो, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा. नग आणि वाटेतलं पक्कं बांधकाम (पूल, प्लॅटफॉर्म, सिग्नलचा खांब) यांच्यात किती जागा उरते, त्यावरून तीन वर्ग पडतात :

• ए वर्ग : २२५ मिलिमीटर किंवा जास्त जागा. दिवसा-रात्री कधीही जातो.
• बी वर्ग : १५० ते २२५ मिलिमीटर. वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत.
• सी वर्ग : १५० मिलिमीटरपेक्षा कमी. ताशी २५ किलोमीटर, फक्त दिवसा, सोबत रेल्वेचे जाणकार कर्मचारी, आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी.

दोन वर्गांत फरक फक्त काही बोटांचा, पण दिवसांचा हिशेब पूर्ण बदलतो. वरून विजेची तारही आहे. नग तारेच्या फार जवळ जात असेल तर तेवढ्या भागातला वीजपुरवठा बंद ठेवून गाडी काढावी लागते.

परवानगीही एका टेबलावर मिळत नाही. समजा, बुटीबोरीचा नग कोरब्याच्या खाणीला जायचाय. सुरुवात मध्य रेल्वेत आणि शेवट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. गंमत म्हणजे या दोन्ही रेल्वेंचा 'नागपूर विभाग' आहे! म्हणून अर्ज करताना कोणता विभाग ते नीट बघा. दोन्ही रेल्वेंनी आपापला मार्ग तपासून होकार दिला, तरच वॅगन हलते.

रेल्वेची दुसरी बाजू

रेल्वे म्हणजे जादूची कांडी नाही. मालगाड्या मुख्यतः पूर्ण रेकनं चालतात, एखाद-दुसऱ्या वॅगनसाठी वाट बघावी लागते. खाणीची साइडिंग कोळसा भरण्यासाठी असते, तुमचं मशीन उतरवायला क्रेन बहुधा तुम्हालाच आणावी लागते. उमरेडला बुटीबोरीवरून ब्रॉडगेजचा फाटा आहे, पण सगळ्या खाणी इतक्या नशीबवान नाहीत. शेवटचे काही किलोमीटर ट्रेलर लागतोच. आणि वाटेत विजेच्या तारेखालचं फाटक आलं तर तिथला उंचीचा गज ४.६७ मीटरवर असतो. ट्रेलरसकट नग त्याखालून जायला हवा.

मोठ्या कंपन्या काय करतात?

त्या मशीन आहे तसं पाठवायच्या भानगडीतच पडत नाहीत. १०० टनी डंपर पाच मीटरपेक्षा जास्त रुंद असतो, तो अख्खा कुठल्याच वॅगनवर बसणार नाही. चाकं वेगळी, बॉडी तुकड्यांत, आणि जोडणी खाणीवर. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशननं बनवलेल्या ड्रॅगलाइनची बूम ९६ मीटरची असते. तीही तुकड्यातुकड्यांनीच खाणीवर पोहोचते आणि तिथं उभी राहते.

त्यांच्याकडे जोड कुठं द्यायचा हे ड्रॉइंगवरच ठरतं. आपल्याकडे नग तयार झाला की मग ट्रान्सपोर्टवाल्याला फोन जातो. तोपर्यंत कापायची वेळ निघून गेलेली असते.

पैशात बघू

समजा ऑर्डर ४० लाखांची, नफा ८ टक्के, म्हणजे ३ लाख २० हजार. सरकारी खरेदीत उशिराचा दंड साधारण आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्के असा असतो. परवानगीत सहा आठवडे गेले तर १ लाख २० हजार कापले जातील. खास ट्रेलर, क्रेन आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरा, मग हातात काय राहतं?

कोटेशनच्या आधी हे पाच प्रश्न

१. पॅकिंग आणि बांधणीसकट नगाची लांबी, रुंदी, उंची किती?
२. रुंदी २.६ च्या आत, ३.२५ च्या आत, की बाहेर?
३. तुकडे केले तर साइटवर वेल्डिंग आणि तपासणी कोण करणार? खरेदीदार मान्य करेल का?
४. दोन्ही टोकांना क्रेन कुणाची?
५. परवानगीचे दिवस डिलिव्हरीच्या मुदतीत धरलेत का? नसतील तर टेंडरच्या शंका विचारायच्या मुदतीतच ते लेखी विचारा.

मित्रांनो, आज एकच काम करा. सध्या हातात असलेल्या ऑर्डरचं ड्रॉइंग काढा आणि सगळ्यात रुंद मापाला लाल पेननं गोल करा. आकडा ३२५० च्या वर असेल तर प्लेट कापायच्या आधी डिझायनरला बोलवा. पेननं मारलेली रेघ फुकट असते, गॅस कटरनं मारलेली नाही.