शिट्टीच्या आधी शिक्का

२०२३ ची दिवाळी तोंडावर आली होती. लेकीनं मोबाइलवर पाच लिटरचा कुकर शोधून काढला, आमच्या पेठेतल्या दुकानापेक्षा निम्म्या किमतीत. सासूबाई म्हणाल्या, "इतका स्वस्त? नीट बघून घ्या गं." पण सेलचा शेवटचा दिवस. घेतला झालं!

तिसऱ्याच दिवशी तुरीची डाळ लावली. शिट्टी काही होईना, म्हणून गॅस बारीक करायला हात पुढे केला आणि झाकणच उडालं. डाळ छताला, झाकण फडताळाच्या काचेवर. माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे. सासूबाई मिनिटभरापूर्वीच तिथून देवघरात गेल्या होत्या. आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कुकर दुरुस्त करणाऱ्या काकांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. वाफेची वाट तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्हनं वाफ सोडायला हवी, तो जागचा हललाच नव्हता. "आणि ताई, यावर आयएसआयचा शिक्काच नाही की!" साडी घेताना पदर, काठ, उलटी बाजू, सगळं निरखणारी मी. कुकर मात्र नुसता चकचकीत आहे एवढंच पाहिलं होतं.

मैत्रिणींनो, घरगुती कुकरला हा शिक्का १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्याशिवाय कुकर विकताच येत नाही. शिक्क्यासोबत 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर टाकला की शिक्का खरा की नुसताच छापलेला, ते कळतं.

म्हणजे नियम होता, तरी माल विकला जात होताच. सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. अनेकांना धोका असेल तर ते स्वतःहून कारवाई करू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यानं अ‍ॅमेझॉनला आदेश दिला: बिनशिक्क्याचे २,२६५ कुकर ज्यांनी घेतले त्यांना कळवा, कुकर परत मागवा, पैसे द्या. वर एक लाख रुपये दंड. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरबद्दल तसाच आदेश, तेवढाच दंड. दोन्ही प्रकरणं पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आता गंमत बघा, त्या २,२६५ कुकरांवर अ‍ॅमेझॉनला मिळालेलं शुल्कच सहा लाखांच्या वर होतं! एक लाखानं कुणाला घाम फुटणार? मला विचाराल तर खरा आदेश तो कुकर परत मागवण्याचा. दंडानं काही आपल्या स्वयंपाकघरातला धोका जात नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता येतं. बिल, फोटो पाठवले, तक्रार क्रमांक मिळाला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे; ती कंपनीकडे तक्रार पोचवते, पाठपुरावा करते. आमचे पैसे परत आले. भाजल्याची भरपाई हवी असेल तर मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता माझी टळली. चूक माझीच.

पैसे देताना विकणाऱ्यानं कुकर परत मागितला. न्यायला मुलगा दारात आला, तर सासूबाई अडून बसल्या. "उद्या पुसूनपासून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतील." काकांना बोलावून आधी झाकणाला बोटभर भोक पाडून घेतलं, त्याचा फोटो काढायला लावला आणि मगच कुकर खोक्यात भरू दिला.